साखळमातेच्या बारा शब्दांची कहाणी

ऐक गं साखळमाते, तुझी कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, पदर सावरून बसा, आणि ते फोन जरा पालथे ठेवा. मागच्या वर्षी ऐन मध्यात कुणाचा तरी वाजला आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

चार वेशींचं, चार तळ्यांचं एक आटपाट नगर. त्या नगरात एक कासारीण राहत होती. तिचं नाव धुरपदा. तिच्या नवऱ्याचं नाव लिंबाजी. तो भट्टीपुढं बसून काचेच्या बांगड्या करी, ती टोपली घेऊन घरोघर जाई आणि लेकीसुनांच्या हातांत भरी. तिचा हात असा हलका, की नवी नवरी डुलकी घेत असली तरी बांगडी चढावी आणि तिला कळू नये.

पण भट्टीची धग वाईट. लिंबाजीच्या डोळ्यांवर पडदा आला. आधी सुईचं नाक दिसेना, मग ताटातलं मीठ दिसेना, मग बायकोचं तोंड दिसेना. धुरपदा टोपली घेऊन निघाली की तो ओट्यावर बसून तिची पावलं ऐकत राही. ती वळणावर नाहीशी झाली की मग आत येई.

दर श्रावणात नदीपलीकडून एक नेत्रवैद्य यायचा. तीन दिवस वेशीतल्या धर्मशाळेत बसायचा, चौथ्या दिवशी नावेत बसून जायचा. तो म्हणाला, "पडदा काढीन. सात मोहरा पडतील."

मग धुरपदा पैसा पैसा गाडग्यात टाकू लागली. पण त्या नगरच्या राजाला एक खोड होती. दरसाल नाणी पाडताना चिमूटभर तांबं जास्त घाली. पहिल्या वर्षी गाडगं फोडलं, तर पाच मोहरांचं मोल निघालं. दुसऱ्या वर्षी मोठं गाडगं घेतलं, फोडलं, तर चारांचंच निघालं. तिसऱ्या वर्षी रांजण मांडला, पालथा केला, तर तीनांचं निघालं. नाणी वाढत होती आणि मोल आटत होतं. धुरपदा रिकाम्या रांजणाशी बसून रडली. काय करील बिचारी.

एके सकाळी ती नदीवर गेली. धुकं असं उतरलं होतं की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. तिथं दगडावर एक बाई बसलेली. तिच्या मनगटापासून खांद्यापर्यंत कड्याच कड्या, एकीत एक अडकलेल्या. कडीकडीवर बारीक अक्षर कोरलेलं, कुणी कुणाला किती दिलं ते. बाई म्हणाली, "कासारणी, मला बांगड्या भर."

धुरपदा म्हणाली, "आई, बांगडी चढायची कुठून? आधी कड्या काढ."

बाई म्हणाली, "निघत नाहीत गं. प्रत्येक कडीनं मागच्या कडीला धरलंय. मधली एक हलवली तर पुढच्या साऱ्या खोट्या पडतील."

मग धुरपदा खाली बसली. बाईचा हात मांडीवर घेतला, बोटं चेपली, कोपर चेपलं, हळूहळू एकेक बांगडी सरकवली. उन्हं डोक्यावर आली. एक बांगडी फुटली नाही, एक कडी हलली नाही. बाई प्रसन्न झाली. ती साखळमाता होती, हे तुम्ही ओळखलंच असेल. धुरपदेनं मात्र ओळखलं नव्हतं, ती आपली मजुरी मागत होती.

मातेनं तिला एक काळी पाटी दिली. बोट लावलं की उजळायची. म्हणाली, "यात तुझी मजुरी आहे. हे नाणं दिसत नाही, वाजत नाही, झिजत नाही. मुलखातल्या हजार वह्यांत त्याची नोंद आहे. एक वही जळली तरी बाकीच्या राहतात. किती नाणी पाडायची ते आधीच ठरलंय, म्हणून कुठल्या राजाला त्यात तांबं घालता येत नाही." तुमची पोरं दिवसभर क्रिप्टो क्रिप्टो करतात ना, तेच हे. हसू नका, पुढं ऐका.

धुरपदा म्हणाली, "आई, याचा काही वसा असेल तर सांग."

"सांगेन, पण तू घेशील आणि चार दिवसांनी टाकशील."

"नाही टाकणार."

मग मातेनं तिच्या कानात बारा शब्द सांगितले. म्हणाली, "हे शब्द म्हणजे किल्ली. सांगू नये, लिहू नये, विसरू नये. नाणं चढलं तर नाचू नये, उतरलं तर रडू नये. आणि ज्यासाठी साठवलं त्याची वेळ आली, की अडवून ठेवू नये. पाटी फुटली तर दुसरी मिळेल. शब्द हरवले तर मीसुद्धा देऊ शकणार नाही. ते माझ्यापाशी नाहीतच." एवढं बोलून ती धुक्यात गेली. दगडावर ओल तेवढी राहिली.

धुरपदेला अक्षर येत नव्हतं. तिनं काय केलं? बारा शब्दांची बारा चिन्हं केली, चैत्रांगणात काढतो तशी. रोज सकाळी उंबऱ्याशी बसायची, चिमटीतून रांगोळी सोडायची, मनात शब्द म्हणायची. बारा झाली की जरा थांबायची, मग भोवती उगाचची वीस चिन्हं काढायची, म्हणजे कुणाला खरी कुठली ते कळू नये. दिवस वर आला की ओल्या हातानं पुसायची. जवळच लिंबाजी भिंतीला टेकून बसलेला असायचा. त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

वसा फळाला आला. सात समुद्रांपलीकडं दिलेल्या लेकींना माहेरच्या बांगड्या हव्या असत. धुरपदा पेटाऱ्या पाठवू लागली, त्या तिकडून पाटीवर नाणं पाठवू लागल्या. मधे दलाल नाही, त्याची टक्केवारी नाही. श्रावण आला, वैद्य आला. धुरपदेनं पाटी उघडली. बरोबर सात मोहरांचं मोल.

पण शेजारीण म्हणाली, "अगं, चढतंय ते. आज मोडलंस तर वेडी म्हणतील तुला."

धुरपदा थांबली. लिंबाजीला म्हणाली, "अहो, एवढा श्रावण जाऊ द्या." तो म्हणाला, "तुला बरं वाटेल तसं कर." वैद्य नावेत बसून गेला.

आणि काय सांगू, महिन्याभरात साताचे चौदा झाले. धुरपदा नाचली. हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून सोन्याच्या पाटल्या केल्या. उंबऱ्याशी गुळगुळीत फरशी बसवली. फरशीवर हातानं रांगोळी काढायला कोण बसतंय? बाजारातून पत्र्याचा छापा आणला. त्यात रांगोळी भरायची, ठोकायचा, की कमळं उमटली. कमळं सुंदर यायची हो, मी नाही म्हणत नाही. पण ती बारातली नव्हती.

दुसरा श्रावण आला, वैद्य आला. तोवर नाणं उतरलं होतं. चौदाचे पाच झाले, पाचाचे तीन. धुरपदा रडली, जेवली नाही. पाटल्या विकून बाकीचं भागलं असतं, पण मन होईना. म्हणाली, "अहो, पुन्हा चढेल, मग बघू." लिंबाजी म्हणाला, "तुला बरं वाटेल तसं कर." वैद्य नावेत बसून गेला.

पाटल्या मग घरखर्चात गेल्याच. हात रिकामे राहिले. तिसरा श्रावण आला, वैद्य आला. त्यानं लिंबाजीच्या पापण्या उचलून पाहिल्या आणि म्हणाला, "बाई, आता अगदी काठावर आलंय. या तीन दिवसांत काय ते. पुढच्या वर्षी मी हात लावणार नाही."

पाटीवर तेव्हा नवांचं मोल होतं. धुरपदा म्हणाली, "आता अडवायचं नाही." लगबगीनं पाटी काढायला गेली, आणि हातातून सुटून ती त्याच गुळगुळीत फरशीवर पडली. तिचा चुरा झाला. धुरपदा धावत बाजारात गेली, नवी पाटी आणली. नवी पाटी म्हणाली, बारा शब्द सांग, नाहीतर त्यांची चिन्हं काढ. हिनं सात काढली, आठवं येईना. पुढची चार आली, पण आठवं काही येईना. कासव काढून पाहिलं, पाटी उघडली नाही. शंख काढून पाहिला, उघडली नाही. पाळणा काढून पाहिला, उघडली नाही. पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी दारात एक माणूस आला. स्वच्छ पागोटं, गोड वाणी. म्हणाला, "ताई, तुमचं काही अडलंय असं बाजारात कळलं. आम्ही साखळमातेच्या सेवेतले. अकरा शब्द मला सांगा, बारावा मी शोधून लावतो. फुकट."

धुरपदा कावरीबावरी झाली. एकीकडं वसा, एकीकडं नवऱ्याचे डोळे. तुमच्यातली कोण गप्प बसली असती? पहिला शब्द तिच्या जिभेवर आला. तेवढ्यात भिंतीशी बसलेला लिंबाजी म्हणाला, "धुरपदे, मला याचं तोंड दिसत नाही, म्हणून पाय ऐकतोय. याचं एक पाऊल अजून रस्त्याकडं वळलेलं आहे. मदतीला आलेला माणूस असा उभा राहत नाही."

तिनं शब्द गिळला. म्हणाली, "दादा, पाणी प्या आणि जा." तो पाणी न पिताच गेला.

तिसऱ्या दिवशी वैद्याचं सामान बांधायला सुरुवात झाली. धुरपदा लिंबाजीच्या पायांशी बसली. म्हणाली, "अहो, मी वसा टाकला. दोन श्रावण मी तुमचे डोळे बाजारात मांडून ठेवले. आणि आता किल्ली हरवून बसले. मला बोला काहीतरी."

लिंबाजीनं तिचं रिकामं मनगट चाचपडलं. मग म्हणाला, "डोळ्यांचं मी सोसलं असतं. पण दोन वर्षं झाली, सकाळ कधी होते ते मला कळत नाही. आधी तू उंबऱ्याशी बसायचीस, बांगड्या वाजायच्या. बारा वेळा वाजून थांबायच्या. मी म्हणायचो, चला, उजाडलं. मग तू पाटल्या घातल्यास, छापा आणलास. पाटल्या वाजत नाहीत गं."

धुरपदेला हुंदका आवरेना. लिंबाजी चाचपडत आत गेला, माळ्याखालची जुनी टोपली घेऊन आला. तिचा हात हातात घेतला, बोटं चेपली, आणि स्वतःच्या हातानं केलेल्या काचेच्या बांगड्या एकेक करून भरल्या. सहा या हातात, सहा त्या हातात. अंधारातही त्याच्या हातून एक फुटली नाही. म्हणाला, "बैस आता. पाटी राहू दे. जमिनीवर काढ. फरशीवर नको, अंगणात मातीत बैस."

ती मातीत बसली. पहिलं चिन्ह काढलं, बांगड्या वाजल्या. लिंबाजी म्हणाला, "हं, असंच." दुसरं काढलं. "हं." तिसरं, चौथं, सातवंही झालं. आठव्याला हात अडला.

लिंबाजी डोळे मिटून म्हणाला, "इथं तुझा हात आधी सावकाश गोल फिरायचा. बांगड्या घरंगळत कोपराकडं जायच्या. मग टक, टक, दोनदा. आणि मग तू थोडीशी हसायचीस. का हसायचीस ते मला ठाऊक नाही, पण रोज हसायचीस."

धुरपदेनं हात गोल फिरवला. बांगड्या कोपराकडं गेल्या. बोटांनी दोनदा टक टक केलं. तिनं खाली पाहिलं, आणि रडता रडता तिला हसू आलं.

आठवं चिन्ह कोणतं? ते कहाणीत नाही. धुरपदेनं सांगितलं नाही, मी कशाला सांगू. उगाच कोपरखळ्या मारू नका.

पाटी उघडली. नवांचं मोल जसंच्या तसं तिथं होतं. तिनं लिंबाजीचा हात धरला आणि धर्मशाळेत नेलं. वैद्याला सात दिले, त्यानं तिथंच पडदा काढला, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि म्हणाला, "सातव्या सकाळी सोडा." मग नावेत बसून गेला.

सातवी सकाळ झाली. धुरपदा अंगणात मातीत रांगोळी काढत बसली होती. लिंबाजीनं आपल्याच हातानं पट्टी सोडली. आधी उजेड दिसला, मग तुळस दिसली, मग बायकोचं तोंड दिसलं. केस पिकले होते, तो पाहतच राहिला. मग त्याची नजर खाली जाऊ लागली, तशी धुरपदेनं ओल्या हातानं सगळी चिन्हं पुसून टाकली.

तो म्हणाला, "अगं, इतकी वर्षं ऐकली. एकदा पाहू तरी दे."

ती म्हणाली, "वसा आहे. तुम्हालासुद्धा नाही."

लिंबाजी हसला. भिंतीला टेकून बसला, आणि आठ दिवसांपूर्वी नव्हते ते डोळे त्यानं आपणहून मिटून घेतले. म्हणाला, "काढ. मी ऐकतो."

मग बांगड्या वाजल्या. बारा वेळा वाजून थांबल्या. आठव्याला ती हसली.

साखळमाते, धुरपदेचं साठवलेलं जसं वेळेला धावून आलं, तसं इथं बसलेल्या सगळ्यांचं येऊ दे. तिच्यासारखी आठवण सगळ्यांना दे, आणि आठवण करून देणारं माणूस घरात असू दे. साठ उत्तरांची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, बारातला एकही शब्द बाहेर न काढता सुफळ पुरी केली. वाहा अक्षता.