वरची फांदी

रानात अजून रस्ते नव्हते तेव्हाची गोष्ट. सातभाई पक्ष्यांचा थवा खाली किडे टिपायचा, तेव्हा एकजण उपाशी राहून वरच्या फांदीवर पहारा द्यायचा. एके सकाळी शिक्र्याने झडप घालून पहाऱ्यावरच्या ताईलाच नेलं.

तिचा धाकटा भाऊ भुऱ्या झुडपातून बाहेर येईना.

“आम्ही लहान होतो तेव्हा शिक्रे नव्हते, काकू. आता रान बिघडलंय. पिल्लांना बाहेर काढू नका!”

“मग काय खातील, तुझी बडबड?” काकू म्हणाली. “शिक्रे तेव्हाही होते रे. ताई वर असायची, म्हणून तू मान खाली घालून खायचास.”

तेवढ्यात भुकेली पिल्लं उघड्यावर पळाली. वरची फांदी रिकामीच होती. भुऱ्या उडाला आणि तिथे जाऊन बसला.

तो मान वळवून वळवून आभाळ न्याहाळू लागला. खाली पिल्लं एका अळीवरून भांडत होती. कुणीही वर बघत नव्हतं.