शब्दाची शेपटी

"...पण शब्दाला ती 'गे'ची शेपटी जोडतात कशाला?"

पेंढ्याची वहाण विणता विणता दोएन गुरुजींनी विचारलं. जपानातल्या त्या डोंगरी मठात वहाणा ते स्वतःच करत.

शिष्य गेन्शूची कळी खुलली. शब्दांच्या बाबतीत हा पठ्ठ्या कुणाला हार जायचा नाही, आणि ते सगळ्यांना सांगायचाही तोच.

"सोपं आहे, गुरुजी. 'सबिशी' म्हणजे उदास. त्याला 'गे' जोडला की 'सबिशिगे', उदासवाणं. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कुठे कळतं? चेहऱ्यावर दिसेल तेवढंच बोलायचं. तिथे 'गे' लावतात."

"एखादं उदाहरण..."

"आई दारात सबिशिगे उभी होती," गेन्शू बोलून गेला.

गुरुजींचे हात थांबले.

"घर सोडताना तू म्हणे एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतंस?"

मठात आल्यापासून गेन्शूने हीच फुशारकी मिरवली होती. आज सकाळीच गावाकडचा मीठवाला निरोप घेऊन आला होता : आईची नजर गेली, एकदा भेटून जा. 'संन्याशाला कुठली आई?' असं ऐकवून त्याने त्या बिचाऱ्याला वाटेला लावलं होतं.



ओढ्यापलीकडचं ते दार. पिठाचे हात तिने कमरेच्या फडक्याला पुसले होते. निरोपाचा हात वर उचलला होता आणि तसाच खाली घेतला होता. तो वाटेच्या वळणापर्यंत मान वळवून तिच्याकडे पाहत राहिला होता. इतकी वर्षं लोटली, तरी सगळं आत्ता घडल्यासारखं डोळ्यांसमोर होतं.

"पाहिलं होतं, गुरुजी."

"आणि तुला काय वाटत होतं?"

गेन्शू खाली पडलेली पेंढ्याची काडी उचलून बोटाभोवती गुंडाळू लागला.

"तिला सांगितलंस?"

"नाही."

गुरुजींनी शेवटची गाठ मारली. वहाणा उंबऱ्याबाहेर ठेवल्या, फाटकाकडे तोंड करून.

गेन्शूने पाय घातले. त्याच्याच मापाच्या होत्या. सकाळपासून गुरुजी त्याच विणत होते तर.

"जातो, गुरुजी," तो कसाबसा म्हणाला. "जाऊन नुसता तिच्यासमोर बसेन. आई आहे ती. माझा चेहरा पाहून सगळं ओळखेल."

"तिला दिसत नाही रे आता," गुरुजी म्हणाले. "तोंडाने सांगावं लागेल."