मान नसलेला साक्षीदार

"तांबडा दिवा आणि आम्ही मोडणार? छे!" सरदार बाजिंदे मिशीला पीळ देत म्हणाले आणि भिवगडच्या अख्ख्या दरबाराने माना डोलावल्या. डोलावणारच! दुसरं येतं काय त्यांना?

झालं होतं असं. संस्थानात मोटारी आल्या आणि सरदारांच्या अंगात वारं शिरलं. म्हणून महाराजांनी पेठेच्या चौकात दिवा बसवला. तांबडा लागला की थांबा, हिरवा लागला की निघा. म्हशींनासुद्धा चार दिवसांत कळलं. सरदारांना कुठलं कळायला! बाजिंद्यांच्या मोटारीने चौकात हरबा कासाराला उडवलं. बांगड्यांचा चुरा झाला, पाय मोडला. आणि उलट सरदारच म्हणतात, "कासार आडवा आला. त्याचं दुकान चौकातून हलवा!"

हरबाची मुलगी सगुणा दरबारात येऊन उभी राहिली. "महाराज, मोटारीसाठी तांबडा लागलेला पाहूनच बाबा रस्त्यात उतरले. दुकान हललं तर आम्ही खायचं काय?"

"साक्षीदार आण," महाराज म्हणाले.

"कुठून आणू? सरदारांचा भोंगा ऐकला की जिथल्या तिथे कमरेत वाकून मुजरा करायचा, हा आपलाच हुकूम! दिव्याचा हवालदार वाकलेला, बाबाही भर रस्त्यात वाकलेले. बघणार कोण?"

महाराज हट्टाला पेटले. "मग न वाकता बघणारा साक्षीदार आण! आमचे सरदार दिवा मोडतात हे आठ दिवसांत दाखव, नाहीतर चौक सोड. आणि हो, न वाकणाऱ्याला कोठडी, हेही लक्षात ठेव!"

दरबार खदखदून हसला. सगुणाची नजर मात्र सिंहासनामागच्या वाघाच्या फोटोवर होती. "महाराज, एवढ्या जवळून हा कुणी काढला?"

महाराज खुलले. "वाघानेच! वाटेवर दोरा ताणला, दुसरं टोक कॅमेऱ्याला बांधलं. वाघाचा पाय लागला की खटका!"

"तो कॅमेरा आणि आपला फोटोवाला आठ दिवस द्याल?"

"द्या, द्या!" बाजिंदे हसले. "पेठ सोडताना आठवणीला फोटो होईल!"

काय ही अक्कल! वाघाला निदान कुणी आधी सांगितलं नव्हतं.

सगुणाने चौकात तसाच दोरा आडवा टाकला; एक टोक कॅमेऱ्याला बांधलं, दुसरं हवालदार दिवा बदलायला ओढायचा त्या दांड्याला. तांबडा लागला की दोरा ताणला जायचा, हिरवा लागला की सैल पडायचा. आठव्या दिवशी तिने दरबारात फोटो मांडले. पहिल्यातच बाजिंदे! वर तांबडा दिवा, खाली मोटार आणि पगडी मागे हवेत.

"मी अगदी सावकाश चाललो होतो!" बाजिंदे ओरडले.

"मग पगडीला कसली घाई झाली होती?"

मग फोटोंतून दिवाणजी निघाले. मग सेनापती, मग राजवैद्य. आणि प्रत्येक फोटोत चौकभर नुसत्या पाठी. एकात शाळेची पोरं मोटारीपुढेच वाकलेली. ते बघून महाराजांचं हसू मावळलं.

दिवाणजी पुढे सरसावले. "महाराज, ही पेटी आमच्यावर डूख धरून आहे. महाराजांचा फोटो काढायची हिंमत आहे का हिची?"

सगुणाने पदराआडून शेवटचा फोटो काढला. खुद्द महाराज मोटार हाकताहेत, तुरा वाकडा, तोंड उघडं, बहुधा गाणं चाललेलं. आणि डोक्यावर तांबडा दिवा!

दरबाराने माना खाली घातल्या. दिवाणजींना मात्र हर्ष झाला. "ही पेटी महाराजांपुढेही वाकली नाही! टाका तिला कोठडीत!"

"खुशाल टाका," सगुणा म्हणाली. "पण आधी वाकवून दाखवा. मान कुठंय तिला?"

महाराज असे हसले, असे हसले की तुरा खरोखरच वाकडा झाला! "पहिला दंड माझा! मग तुम्हा सगळ्यांचा. चौकातला मुजरा आजपासून बंद. हरबाचं औषधपाणी बाजिंद्यांच्या खर्चाने, त्याचं दुकान जिथल्या तिथे. आणि दिवा सगुणाच्या हाती!"

दुसऱ्या दिवशी बाजिंद्यांची मोटार तांबड्यापुढे गपगुमान थांबली. सरदार खाली उतरले, कॅमेऱ्यापुढे कमरेत वाकले आणि दिवा हिरवा झाला तरी वर बघेनात. शेवटी सगुणालाच त्यांचा भोंगा वाजवावा लागला.