पानावरून उठलेला राजा

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला बसता येत नव्हतं. हसू नका, ऐका.

राजाचं नाव अनंगसेन. धूम्राक्ष मांत्रिकाकडे तो जेवायला गेला आणि शिकारीची हाकाटी ऐकताच अर्ध्या पानावरून उठला. एवढा अपमान कोण सोसेल? मांत्रिक गरजला, "उठलास? मग आता चालतच राहा!" तेव्हापासून राजा राजवाड्याभोवती फेऱ्या घालत होता. निजेना, टेकेना. डोळे खोल गेले, टाचा फुटल्या.

राणी वेलावती खाडीकाठची लेक. ती पावलं ऐकून तिच्या जिवाचं पाणी पाणी होई. तिने मांत्रिकाचे पाय धरले.

मांत्रिक म्हणाला, "तीन संधी देतो. तू स्वतः रांध. कढई चुलीवर चढल्यापासून त्याची एक फेरी पुरी व्हायच्या आत पान वाढलंस, तर तो बसेल. पान संपवून उठला, तर सुटेल. तिन्ही हुकल्या, तर चालता चालता मरेल."

आणि पहाऱ्याला त्याने आपली बोलकी साळुंकी पाठवली.

पहिल्या खेपेला राणीने मटण चढवलं. बाई गं, कांदा लाल होतोय तोवर राजा फेरी संपवून पुढे गेलासुद्धा! आणि संधी हुकली तशी त्याची चाल दुप्पट झाली.

दुसऱ्या खेपेला तिने पोहे केले. वेळेत झाले, राजा बसला! चार घास गेले असतील नसतील, तोच प्रधानजी धावत आले. "महाराज, सीमेवर धूळ दिसते!" राजा ताडकन उठला. धूळ गुरांची होती.

"अहो, काय केलंत हे!" राणी रडत म्हणाली. पण राजा केव्हाच वळणाआड गेला होता. आता तो धावत होता.

उरली एक संधी. एवढ्या वेळात काय शिजणार? राणी येरझारा घालू लागली, आणि एकाएकी थबकली. कोळंबी!

तिने कोळंबी सोलली, पाठीतला काळा दोरा काढला, हळद-मीठ-तिखट चोळलं, लसूण ठेचला. भाकरी होतीच. राजा दारावरून गेला तशी तिने कढई चढवली. तेलात लसूण तांबूस झाला, कोळंबी चुरचुरली.

खिडकीतून साळुंकी म्हणाली, "राणी, कच्ची आहे. झाकण ठेव, वाफ येऊ दे."

राणीचा हात झाकणाकडे गेला. पावलं जवळ येत होती. तिने कढईत पाहिलं. कोळंबी गुलाबी होऊन वळली होती.

"वळली की झाली. मला नको शिकवूस!" असं म्हणून तिने नुसत्या हातांनीच कढई उतरवली, वर लिंबू पिळलं, पान वाढलं.

"महाराज, बसा."

राजा बसला. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले. आणि प्रधानजी आलेच. "महाराज, धूळ! या वेळी घोडे आहेत!"

राजाचा गुडघा उचलला गेला. राजाने तिच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि गुडघा दाबून धरला.

"प्रधानजी, वेशी लावा. मी पानावर बसलोय."

शेवटची कोळंबी संपली तशी त्याची पावलं निवली. साळुंकी भुर्रकन उडून गेली. वेशी बंद पाहून घोडेस्वारही आल्या वाटेने परतले.

राणी मात्र अजून उभीच होती.

"आता तू बस," राजा म्हणाला आणि त्याने स्वतः तिला वाढलं. त्याचं जेवण कधीच झालं होतं. पण राणीचं पान संपेपर्यंत तो काही जागचा हलला नाही.