आजीच्या लाडाची सुनावणी

लेक वारली आणि जावयाने नातीचं, मृदाचं, आजोळच तोडलं. तेव्हा तिच्या भेटीसाठी गोदाक्कांनी कोर्टात अर्ज केला.

जावयाचे वकील रणनवरे कोट सावरत गरजले, "साहेब, आजीच्या लाडाने मुलं बिघडतात. मुलीला बापाची शिस्तच हवी!"

गोदाक्का हात जोडून उभ्या राहिल्या. "साहेब, जावईबापूंना एकच विचारू?"

ही म्हातारी काय विचारणार, म्हणून न्यायाधीशांनीही चष्मा वर केला. "विचारा."

"जावईबापू, तुम्ही तर इथं. मग मृदा आत्ता कुणाजवळ आहे?"

"घरी. माझ्या आईजवळ."

"म्हणजे आजीजवळच की! मग वकीलसाहेब, वर्षभर तिकडं बिघडतेच आहे, तर उन्हाळ्यात चार दिवस आमच्याकडंही बिघडू द्या."

न्यायाधीशांना हसू आवरेना. चार दिवस मागणाऱ्या आजीला त्यांनी अख्खा मे महिना दिला.