सोन्याची कंकणे आणि यमुनाक्काचे हात

एका राज्यात, जिथे पक्षी बोलले तर कोणी मागे वळूनही पाहत नसे, एक मोठी रुग्णशाळा होती. तिथल्या परिचारिकांच्या हातांत सोन्याची कंकणे असत. कोण्या मांत्रिकाने ती राजा धवलसेनाला नजर केली होती. जी कंकण घाली, तिला थकवा जाणवत नसे. राजा प्रसन्न होता. त्याला परिचारिका वाढवाव्या लागल्या नव्हत्या.

पण थकवा जाणवेना, तसे हातही जाणवेनात. बोटे गार पडत, मग दगडाची होत. कंकण तर काही केल्या निघत नसे. सर्वांत थोरली यमुनाक्का. तिचे हात कोपरापर्यंत दगड झाले होते. दगड काळजाशी पोचला की सारे संपले, हे तिला ठाऊक होते. तरी ती उकळता काढा बोटाने ढवळी आणि म्हणे, "पळीचा खर्च वाचला."

सारजा लग्न होऊन नुकतीच त्या नगरात आली होती आणि रुग्णशाळेत कामाला लागली होती. परक्या गावात "जेवलीस का गं?" असे तिला पहिल्यांदा यमुनाक्कानेच विचारले होते. म्हणून अक्काचे कंकण उतरवायचा उपाय शोधायला ती रानात गेली. तिथे धनेश पक्षी ढोलीत बसलेल्या आपल्या मादीला फटीतून उंबरे भरवीत होता.

सारजेने हात जोडले. "कंकण कशाने उतरेल?"

"तीन गोष्टींनी," धनेश म्हणाला. "दुसऱ्याने ओढलेले पाणी प्यावे. दुसऱ्याने रांधलेला घास खावा. दुसऱ्याच्या भरवशावर निजावे. तिन्ही गोष्टी मात्र सोबत राबणाऱ्यांकडे आपल्या तोंडाने मागाव्यात."

"एवढेच?"

"एवढेच. अजून कोणाला जमले नाही."

सारजेने परत येऊन सांगितले. यमुनाक्का हसली. "त्यात काय? दे पाणी." सारजेने पाणी दिले, अक्काने ते तसेच शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला पाजले. घास मागितला, तो एका लेकुरवाळीच्या तोंडात गेला. निजायला गेली आणि कोणी कण्हताच उठून बसली. दगड खांद्याशी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका तापाच्या पोरीच्या कपाळावर अक्काने हात ठेवला. ठेवला, आणि उचलेना.

"गोदू," ती हळूच म्हणाली, "जरा हात लावून बघ गं. ताप आहे की उतरला, मला कळत नाही."

गोदू शेजारच्या खाटांवरची परिचारिका, तिखट जिभेची. तिने पोरीच्या कपाळाला हात लावला. "उतरलाय. आणि तुम्ही काही मागाल म्हणून मी किती वर्षं थांबलेय, ठाऊक आहे?"

अक्का खाली बसली. "मग पाणी दे. मला."

गोदूने विहिरीचे पाणी आणले. अक्का ते शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग तिने भाकरी मागितली.

"करपलीय," अक्का म्हणाली.

"मागितलीत ना? खा."

अक्काने खाल्ली. "आता माझ्या खाटा सांभाळा," असे म्हणून ती भर दुपारी भिंतीशी आडवी झाली. कोणी कण्हले की सारजा जाई, कोणी हाक मारली की गोदू.

तेवढ्यात राजा पाहणीला आला. "ही दिवसाढवळ्या निजली आहे?"

"होय महाराज," सारजा म्हणाली. एरवी चारचौघांत तिचा आवाज कोणी ऐकलेला नव्हता. "हळू बोलावे."

राजा पाय न वाजवता पुढे सरकला. तोच त्याच्या डोळ्यांदेखत अक्काचे कंकण तडकून पडले आणि दगडाखालून कातडी दिसू लागली. मग इतरजणींनीही एकमेकींकडे मागितले, आणि एकेक कंकण गळले. राजाने ती सारी नदीच्या डोहात टाकविली आणि नव्या परिचारिका नेमल्या. थोडा उशीर झाला, पण नेमल्या.

दिवस कलताना अक्का जागी झाली. तिने बोटे मिटली, उघडली. डोळे भरून आले.

"सारजे, हात दुखतायत गं."

सारजा कोमट तेल घेऊन आली आणि चोळू लागली. अक्काने हात मागे घेतला नाही.

"बरं वाटतंय, पोरी," ती म्हणाली. "जरा वर. हां, मनगटापाशी."