पानमळ्याचं पहिलं पाणी

रावळपूरचे पाट बघायला येणारी माणसं गाडीतून उतरतात ती आमच्या पानमळ्याच्या बांधाशी, आणि उतरल्या उतरल्या विचारतात, "कारंजं कुठंय?" कारंजं शहराच्या पार त्या टोकाला. इथं पाट संपतो. इथं बघण्यासारखं काहीच नाही. एक दगडी फरशी, तिच्या कडेला शेंदूर फासलेल्या साती आसरा, आणि पुढं नागवेली. पण गावाचा रिवाजच तसा आहे. शहराचा अर्ध्या दिवसाचा फेरा पाटाच्या शेपटाकडून सुरू करायचा आणि वर चढत जायचं. पाहुण्यानं पायातलं काढून बसायचं. फरशीवर पाणी येईपर्यंत गाईडनं तोंड उघडायचं नाही. तोवर मी बोलते.

तर बसा. चपला बांधाच्या पलीकडं. घड्याळाकडं बघू नका, ते पाण्याला कळत नाही. आमचा उत्तम तुमचा गाईड आहे. तो पुढं तुम्हांला तारखा सांगेल. त्यातल्या निम्म्या त्याला वाटेत सुचतात. पण टोपी घालून सांगतो, म्हणून तुम्ही माना हलवाल. मला तारखा येत नाहीत. माझ्या सासूनं मला सांगितलं, तिला तिच्या सासूनं, तेवढं मला येतं.

होतं एक नगर. नगराच्या माथ्यावर राहायचा एक सुभेदार आणि नगराच्या शेपटाला राहायचा भिवबा बारी. भिवबाची बायको होती गोजरा. सुभेदाराला होती हौस, भिवबाला होती भीती आणि गोजराला होती जीभ.

नदीला बंधारा घातला तो सुभेदाराच्या आज्यानं. पाट काढले, गल्लोगल्ली खेळवले, ते त्याच्या बापानं. मग याला करायला काही उरलं नाही, म्हणून यानं कारंजं केलं. बारादरीपुढं हौद बांधला, हौदात दगडी कमळ बसवलं, कमळावर स्वतःचं नाव कोरलं. पाणी जेमतेम गुडघाभर उडायचं. तेवढ्यानं सुभेदाराचं पोट कुठलं भरायला? तेव्हा कुणा शहाण्यानं सांगितलं म्हणे, की बारादरीच्या खालचं पाटाचं दार लावून टाका, पाणी तुंबेल आणि कारंजं पुरुषभर उडेल. दार लावलं. उडालं. सुभेदाराला वाटलं आपणच उडालो.

त्या दिवसापासून त्याला पाहुण्यांचं वेड लागलं. दूरदूरचे सरदार, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे दोस्त, जो येईल त्याला शहर दाखवायचं. सकाळी न्याहारी करून निघायचं, जेवणाला परत. ज्या शहरात माणसाचा जन्म जातो ते शहर हा अर्ध्या दिवसात उरकायचा. सुभेदार घोड्यावर पुढं, पालख्या मागं. देवळात गेला की देवाकडं पाठ करून कळसाबद्दल बोलायचा. चित्रशाळेत पाहुणे चित्रांपेक्षा आरशांत जास्त बघायचे. मग पाटाच्या कडेकडेनं बारादरी, आणि शेवटी कारंजं. कारंजं उडालं की सगळे म्हणायचे, "वा!" त्यांना दुसरा शब्द येत नसावा. मग चांदीच्या तबकातून विडे फिरायचे आणि पिचकाऱ्या मारून माणसं झोपायला जायची.

आणि दार लागलं की खालच्या गल्ल्या कोरड्या. तुंबून जास्त झालेलं पाणी नदीत सोडून द्यायचे, पण खाली येऊ द्यायचे नाहीत. गल्लीतली माणसं काय करायची ठाऊक आहे? रिकाम्या घागरी दारात ठेवून कारंजं बघायला जायची! तीही म्हणायची, "वा!" अशा लोकांचं पाणी तोडलं तर त्यात नवल ते काय.

पण नागवेल म्हणजे गल्लीतली माणसं नव्हेत. तिला कळतं. जमीन ओली नसली की ती मान टाकते. भिवबाचा मळा हा असा शेवटाला. एक पाहुणा आला की पानं मऊ पडायची, दुसरा आला की कडा वाळायच्या. भिवबा बिचारा कारभाऱ्याकडं जायचा आणि हात जोडून परत यायचा.

"काय म्हणाले?" गोजरा विचारायची.

"पाहुणे गेले की दार उघडू, म्हणाले."

"आणि पाहुणे कधी जातात?"

"दुसरे आले की."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, बरं."

गोजरानं कपाळाला हात लावला. हेच कपाळ घेऊन तिला त्या नवऱ्यासोबत जन्म काढायचा होता.

आता खरी गंमत ऐका. त्या चांदीच्या तबकातलं पान यायचं कुठून? याच मळ्यातून! शहरात दुसरा पानमळा नव्हता. ज्या कारंज्यापायी मळा वाळायचा, त्या कारंज्यासमोर उभं राहून त्याच मळ्याचं पान चघळायचे आणि वा म्हणायचे. पान येतं कुठून, हे त्यातल्या एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

एक दिवस गोजरा या फरशीवर येऊन उभी राहिली. फरशी तापलेली, आसरा कोरड्या. ती म्हणाली म्हणे, "बायांनो, तुम्ही पाण्याच्या देवी म्हणवता आणि तुमच्याच पायाशी पाणी नाही. तुमच्याच्यानं काही होत नाही, तेव्हा मीच करते. जोवर या फरशीवर पाणी सगळ्यांच्या आधी येत नाही, तोवर या मळ्याचं पान कुणाच्या तोंडात जाणार नाही. सुभेदाराच्या नाही, देवाच्या नाही, तुमच्याही नाही."

आणि तिनं सगळा मळा खुडला. एकेक वेल रिकामी केली आणि पानं वेलींच्याच मुळाशी पुरून टाकली. घरातलं एकमेव उत्पन्न तिनं स्वतःच्या हातानं मातीत घातलं. भिवबा बांधावर बसून रडला असं सांगतात. रडू दे. ओल तरी झाली असेल.

आसरांजवळची एक वेल मात्र तिनं राखली. तिला ती घरातल्या पिण्याच्या पाण्यातलं पाणी घालायची. घोट भिवबाला, घोट आपल्याला, उरलेलं वेलीला. त्या वेलीचं पान तोडायचं नाही.

मग गाव जागं झालं. पाणी गेलं तेव्हा नाही झालं, पान गेलं तेव्हा झालं. पानाशिवाय पूजा मांडता येईना, सुपारी फोडता येईना, ओटी भरता येईना. गल्लीतल्या बाया गोजराशी भांडायला आल्या.

"अगं, देवाच्या नावाचं तरी पान दे!"

"देवाला स्नान घातलंत का आज?"

"पाणी कुठंय स्नानाला?"

"मग तुमचा देव पारोसाच बसलाय की. पारोशाला विडा कशाला?"

बाया गेल्या. पण त्या दिवसापासून कारंजं बघायला जायच्या थांबल्या. तेवढी अक्कल आली.

अशात सुभेदाराच्या लेकीला मागणं आलं, चिमणाबाईला. स्थळ एवढं मोठं, की सुभेदार आठ पिढ्या तपश्चर्या करता तरी मिळालं नसतं. शहर बघायला आणि सुपारी फोडायला नवऱ्या मुलाची आजी आली. थोरल्या आईसाहेब. म्हातारीचे गुडघे दुखत होते आणि तिनं आयुष्यात देवळं पुष्कळ पाहिली होती. सुभेदारानं तिला अर्ध्या दिवसाच्या फेऱ्यावर काढलं. देवळात ती गप्प, चित्रशाळेत गप्प, पाटाच्या कडेनं जाताना पालखीत घोरत होती म्हणतात. मला तिचं फार कौतुक वाटतं.

बारादरीपाशी कारंजं पुरुषभर उडालं. सगळे म्हणाले, "वा!"

म्हातारी म्हणाली, "हे पाणी पुढं कुठं जातं?"

"पुढं... पुढं जातं, आईसाहेब."

"पुढं म्हणजे कुठं?"

सुभेदारानं कारभाऱ्याकडं पाहिलं, कारभाऱ्यानं शिपायाकडं, शिपायानं जमिनीकडं. इतक्या पाहुण्यांना पाट दाखवला, पण पाट संपतो कुठं हे त्या सगळ्यांतल्या एकानंही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात तबक आलं. पान परगावाहून मागवलेलं, वाटेतल्या उन्हानं काळं पडलेलं. कारभाऱ्यानं वर चांदीचा वर्ख चिकटवून आणलेला. म्हातारीनं नखानं वर्ख खरवडला.

"एवढं पाणी हवेत उडवता आणि पान असं?" ती म्हणाली. "या काळ्या पानावर मी नातवाची सुपारी फोडायची? पालखी उचला. पाणी पुढं कुठं जातं ते बघायचंय मला."

मग निघाली वरात. पाटाच्या त्या दारापर्यंत ठीक होतं. पुढं पाट गल्ल्यांत शिरला तशी सुभेदाराला वाट समजेना. गल्ली अरुंद, घोडा वळेना, म्हणून उतरून चालावं लागलं. आपल्याच शहरात हा लोकांना वाट विचारत निघाला! रिकाम्या घागरी घेतलेल्या बाया नुसतं बोट दाखवत होत्या, पुढं, अजून पुढं.

इथं आले तर सुका पाट, उघड्या वेली आणि फरशीवर बसलेली गोजरा. पाठीमागं भिवबा, हात जोडूनच.

"तू कोण गं?" सुभेदारानं विचारलं.

"तुमच्या कारंज्याची खालची बाजू," गोजरा म्हणाली. "आणि पायातलं काढा. मळा आहे हा."

सुभेदार जोड्यांसकट बांधावरच थांबला. म्हातारीनं मात्र जोडे काढले, काठी टेकत आली आणि फरशीवर बसली. तिला तहान लागली होती. घरात तांब्याभरच पाणी होतं, त्यात वेलीचा वाटा होता. गोजरानं तो तांब्या तसाच पुढं केला. म्हातारीनं दोन घोट घेतले. मग त्या हिरव्या वेलीकडं पाहिलं, उघड्या वेलींकडं पाहिलं, आणि उरलेलं पाणी हिरवीच्या मुळाशी ओतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गोजरानं रिकामा तांब्या तिच्या हातातून घेतला आणि पदरानं पुसला.

"बाई, या वेलीचं एक पान देशील?" म्हातारीनं विचारलं. "पोरीची सुपारी फोडायची आहे."

"देईन. पण माझा नवस आहे. पाणी आधी या फरशीवर, मग पान."

सुभेदार हसला. "वेडी आहे. पाणी वरून खाली येतं. शेवटाला सगळ्यांच्या आधी कसं येईल?"

"सगळ्या गल्ल्यांनी आपापल्या पाटाची दारं लावून धरली की येतं," गोजरा म्हणाली. "पाहुण्यांसाठी लावता, तशी आमच्यासाठी लावा."

"आणि कारंजं?"

"त्याचं तोंड बंद करा. आणि जमलं तर आपलंही."

भिवबानं डोळे मिटून घेतले. आता मान उडणार अशी त्याची खात्री झाली. पण म्हातारी खो खो हसली आणि म्हणाली, "सुभेदार, मी इथून पान घेऊनच उठेन. सोयरीक हवी असेल तर जा, तोंड बंद करून या. नको असेल तर माझ्या भोयांना हाक मारा."

गेला. जाईल नाही तर काय करील? गल्लोगल्ली बायांनी आपापली दारं लावून धरली, त्यांना सांगावं लागलं नाही. बारादरीखालचं दार उघडलं. पण कारंज्याचं तोंड बंद करायला काही हाताशी सापडेना, आणि निम्मं पाणी वरच निघून जायला लागलं. तेव्हा सुभेदारानं खांद्यावरच्या जरीच्या शेल्याचा बोळा केला, हौदात उतरला आणि आपल्याच नावावर पाय ठेवून तो बोळा दगडी कमळात कोंबला. त्याच्या हातून घडलेलं एवढंच एक काम आजवर गावाच्या उपयोगी पडलं आहे.

मग पाणी निघालं. एकेका गल्लीतून बाया ओरडायला लागल्या, "आमच्यापुढनं गेलं!" "इथनंही गेलं!" घागरी रिकाम्या होत्या, पण एकीनंही दार उघडलं नाही. ओरडा जवळ जवळ येत गेला आणि त्याच्यामागनं पाणी आलं. गढूळ, पाचोळा ढकलत. फरशी ओली झाली, आसरांचे पाय भिजले, आणि आयुष्यात ज्यानं कुणापुढं आवाज चढवला नव्हता तो भिवबा बारी उठून उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "पोचलं!"

पाणी लागताच उघड्या वेलींना तिथल्या तिथं पानं फुटली, असं सांगतात. मी मळ्यात जन्म काढलाय, वेल अशी घाई करत नाही. पण राखलेल्या एका वेलीला पानं होती आणि ती पुरली. पहिलं पान गोजरानं आसरांपुढं ठेवलं, दुसरं आईसाहेबांच्या हातात दिलं. चिमणाबाईची सुपारी याच फरशीवर फुटली, पाय चिखलात ठेवून. उठताना म्हातारी सुभेदाराला म्हणाली, "माझी नातसून कारंज्याच्या गावची नाही, या मळ्याच्या गावची म्हणून नेते. जोवर पहिलं पाणी इथं येत राहील, तोवर आपली सोयरीक."

पुढं सुभेदारी गेली. कमळावरचं नाव शेवाळानं खाल्लं. उत्तमला विचारा, तो काहीतरी सांगेल. खरं नाव कुणालाच येत नाही.

आजही रावळपुरात उजाडलं की सगळ्या गल्ल्यांची दारं लागलेली असतात. पाणी आधी इथं येतं, आमच्या घरातलं माणूस ओरडतं, "पोचलं!", मग खालच्या गल्लीची बाई वरच्या गल्लीला ओरडून सांगते, आणि दारं खालून वर उघडत जातात. कारंजं सगळ्यांच्या शेवटी. आजही ते गुडघ्यावर उडत नाही. शेल्याचा तो बोळा अजून आतच आहे म्हणे. तुम्ही एवढ्या लांबून तेच बघायला आलात, तेव्हा बघा आणि वा म्हणा.

थांबा, फरशी भिजली. एकेक ओंजळ घ्या आणि आसरांजवळच्या त्या वेलीला घाला. फोटो नंतर. त्या राखलेल्या वेलीच्या फांद्यांपासूनच हा सगळा मळा लागलाय, पार त्या शेवरीच्या रांगेपर्यंत. भिवबा-गोजराच्या घरात मी सून म्हणून आले, माझ्या सुना आल्या, आता नातसुना आल्या. एकीनंही या मळ्यात वाळलेलं पान पाहिलं नाही. आणि आमच्या घरातलं पोर मुकं का असेना, सकाळी या फरशीवर उभं केलं की त्याला आवाज फुटतो.

सरका. ओरडायचंय मला.

"पोचलं!"